दाण्याचं कूट

पाकिटाचा नवा फोटो संगणकावर मोठा करताना प्रणिताचा हात थबकला. त्यावरच्या घटकांप्रमाणे नाचणीच्या लाडवांत आता दाण्याचं कूट होतं. कारखान्याने कृती बदलली होती, पण विक्रीच्या पानावर तिनेच लिहिलेली ओळ तशीच होती: 'शेंगदाणे अजिबात नाहीत.' ॲलर्जी असलेले लोक ती ओळ वाचूनच हे लाडू मागवत.

तिने ओळ लगेच बदलली. तरी जीव थाऱ्यावर येईना. नव्या मालाची अकरा पाकिटं घरोघरी पोचली होती.

"पान दुरुस्त केलंस ना? मग झालं," तिचे वरिष्ठ भोसेकर सर म्हणाले. "गिऱ्हाइकांना उद्या मेल टाकू."

"सर, उद्यापर्यंत लाडू संपतील."

गिऱ्हाइकांची यादी घेऊन ती जिन्यात गेली आणि एकामागून एक फोन लावत सुटली. कोणी हसलं, कोणी वैतागलं. सातवा फोन मिरजेच्या एका बाईंनी उचलला.

"ताई, त्या लाडवांत शेंगदाणे आहेत. पानावर चुकीचं होतं. मीच लिहिलं होतं."

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज आला आणि बाई ओरडल्या, "अहो, पिंकीच्या हातातला लाडू काढून घ्या आधी!"

प्रणिता जिन्यात येरझारा घालत राहिली. बऱ्याच वेळाने बाई फोनवर आल्या, तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"खाल्ला नव्हता हो. लाडू काढून घेतला म्हणून रडतेय आता. ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येतंय," प्रणिता म्हणाली. थोडा वेळ ती ते रडणं नुसतं ऐकत राहिली आणि मग तिने आठवा नंबर लावला.