उजवा पदर

कानाझावात भाड्याचे किमोनो नेसून दोघी बहिणी सकाळपासून हिंडत होत्या. देवळाच्या पायरीवर थोरली फुमिए धाकटीकडे बघून खिदळली, “अगं बये, उजवा पदर वर? असं मढ्याला नेसवतात!”

चिझुरूने जीभ चावली आणि डावा पदर वर घेतला.

बाजारात खेकडा खाताना बघते, तर पुन्हा उजवाच वर. तिने तो बदलून कमरपट्टा करकचून आवळला.

“ताई, हा राहतच नाही गं.”

या वेळी फुमिए हसली नाही.

दुपारी खाणावळीतल्या म्हातारीने फुमिएपुढे माशाचं ताट ठेवलं. चिझुरूपुढे नुसता भात, त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या रोवलेल्या.

“आजी, अहो, हा मेलेल्यांचा भात!” चिझुरू ओरडली.

म्हातारीने वरही पाहिलं नाही.

जेवणाआधी जोडतात तसे फुमिएने हात जोडले. तोंड मात्र चिझुरूकडे होतं, आणि डोळे मिटलेले.