अस्सल सुती

कीर्तीने खड्ड्यातून कापड वर ओढलं आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. कापड सबंध होतं. चिखल झटकला तर निळी किनारसुद्धा जागच्या जागी.

"बाबा, एक धागा नाही सुटला."

नंदलालची नजर त्या किनारीवर खिळली. लेकीचा प्रयोग बघायला तो मोठ्या हौसेने अड्याळपलीकडचा हा डोंगर चढला होता. आषाढात तिने कॉलेजच्या अभ्यासासाठी घरच्या मागावरचं हातभर कापड मागितलं, तेव्हा कशाला ते त्याने विचारलंच नाही. आज चढताना तिने सांगितलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. झाडांचा पडलेला पाला तेच खातात, कुजवून त्याची माती करतात. सुती कापडही ते तसंच खातात. पुरलेलं कापड दोन महिन्यांत फस्त झालं, तर माती जिवंत. तसंच्या तसं निघालं, तर मेलेली. ऐकता ऐकता नंदलाल मागे पडत गेला होता.

शेजारी वनसमितीचा अध्यक्ष टिकाराम उकिडवा बसला होता. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून दर उन्हाळ्यात झाडांखालचा पाला पेटवायचा, ही गावाची जुनी रीत. पाला कुजून माती सुधारावी म्हणून टिकारामने लोकांच्या हातापाया पडून ती पाच वर्षं बंद ठेवली होती. आता त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे पाच वर्सं फुकटच गेली म्हना. लोक मले आधीच हासून रायले. येत्या उन्हाळ्यात पेटवतीन पुन्हा."

कीर्तीने वही उघडली. तिला मातीचा संशय आला, वडिलांच्या कापडाचा आला नाही. नंदलालला तेच फार लागलं. तीन वर्षांपासून त्याच्या मागावर पॉलिस्टर चढत होतं, सुताचे धागे नावापुरते. कीर्ती तेव्हापासून भंडाऱ्याला होस्टेलवर. अड्याळच्या बाजारात मात्र 'अस्सल सुती' ही त्याची आरोळी तीच होती.

गप्प राहिलं तर? खड्डा बुजेल, वहीत दोन ओळी पडतील, उन्हाळ्यात डोंगर पेटेल. कोणाला काही कळणार नाही.

"लिहू नको," तो म्हणाला. त्याने वहीवर हात ठेवला. "माती चांगली हाये, पोरी. सूतच खोटं हाये माह्यं."

कीर्तीचं पेन थांबलं. टिकारामने आपल्या खांद्यावरचा दुपट्टा चिमटीत धरून पाहिला. मागच्या वर्षी नंदलालकडूनच घेतलेला.

"मंग हा?"

"तोही."

नंदलालने स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला. कीर्ती जन्मली त्या वर्षी विणलेला, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. आयुष्यात त्याने विणलेलं कापड कधी फाडलं नव्हतं. तो दुपट्टा त्याने दातांत धरून टरकन फाडला आणि अर्धा लेकीपुढे धरला.

"हा गाड."

कीर्तीने तो घेतला, पण वर बघितलं नाही. कापड पुरून ती एकटीच पुढे डोंगर उतरली.

दिवाळीआधी तिघं पुन्हा तिथेच जमले. टिकारामच्या खांद्यावर नवा दुपट्टा होता, खरखरीत, खऱ्या सुताचा. नंदलालने तो घरी नेऊन दिला होता. कीर्तीने पाला सारून काळीभोर माती उकरली. मनगटापर्यंत हात घातला, मग कोपरापर्यंत. नंदलालला राहवेना. तो मूठमूठ माती काढून बोटांनी चाळू लागला. एक पांढरा तंतू दिसला, तो त्याने चिमटीत धरून लेकीपुढे केला.

"बुरशी हाये ते, बाबा," कीर्ती म्हणाली, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

कापड नव्हतंच. एक धागासुद्धा नाही.

 नंदलालने टिकारामला दंडाला धरून पुढे ओढलं, आणि बाजारात ठाण उलगडावं तशा ऐटीत त्या रिकाम्या खड्ड्यावर हात फिरवला.

"पाह्य, टिकारामभाऊ," तो म्हणाला. "हे माह्यं कापड!"