वामनराव बोलू लागले

"खायला काय आहे?" दवाखान्यातल्या खाटेवरून वामनरावांचा आवाज आला आणि इंदुताईंच्या हातातला टॉवेल गळून पडला.

युरिक ॲसिडसाठी सुरू केलेली नवी गोळी वामनरावांना भलतीच बाधली होती. अंग लालबुंद झालं, चेहरा सुजून डोळे मिटले, यकृतालाही सूज आली. "ती गोळी आता जन्मात घ्यायची नाही. स्टिरॉइड देते, बघू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हापासून इंदुताई सलाइनच्या थेंबांकडे बघत बसून होत्या.

आज ताप उतरला, सूज ओसरली आणि उभ्या आयुष्यात मोजकंच बोललेले वामनराव थांबेचनात. त्यांनी शिरा मागितला, थालीपीठ मागितलं आणि शेजारच्या पेशंटला आपल्या लग्नाची हकीकत ऐकवली. "हिला बघायला गेलो आणि ठरवूनच टाकलं. वडील नको म्हणत होते. मी दोन दिवस जेवलो नाही."

इंदुताई ऐकतच राहिल्या. वडिलांनी ठरवलं म्हणून यांनी आपल्याशी लग्न केलं, असंच त्या आजवर समजत होत्या. त्यांना एकदम हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू.

डॉक्टरीणबाई आल्यावर इंदुताईंनी हळूच विचारलं, "हे बोलणं औषधामुळे का हो?"

"स्टिरॉइडनं भूक वाढते, काहींना तरतरी येऊन बोलणंही वाढतं. आता डोस हळूहळू कमी करू. होतील पूर्वीसारखे शांत."

"करा सावकाश," पदरानं डोळे पुसत इंदुताई म्हणाल्या, "तशी काही घाई नाही."