विझवलेला दिवा

टोचन करून आणलेली निळी गाडी दादू मिस्त्रीनं लांबूनच ओळखली. तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा सारखा पेटायचा. “सेन्सरची जुनी खोड आहे, सर,” म्हणत तो बॅटरीची वायर काढून परत लावायचा आणि दिवा विझायचा. खरा बिघाड शोधायचा त्याला कंटाळा. परवाही, आजारी बायकोला कोल्हापूरला न्यायला निघालेल्या इंगवले सरांना त्यानं तसंच वाटेला लावलं होतं.

आज बॉनेट उघडलं तर इंजिन जाम.

“आंबा घाटात बंद पडली,” सर म्हणाले. “दुसरी गाडी मिळेपर्यंत ही माझ्या मांडीवरच गेली.”

दादूनं मान वर केलीच नाही.

“तुमचा काय दोष? सेन्सरच तो,” मागच्या सीटवरची तिची शाल घडी करत सर म्हणाले. “दिवा पेटलेला असता तर भाड्याची गाडी केली असती, एवढंच.”