झावळीचा क्रूस

उद्या राखेचा बुधवार, म्हणून इनास चर्चच्या आवारात घमेलं मांडून बसला होता. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेले क्रूस लोक घरोघरून आणून देत. ते जाळून कपाळाला लावायची राख करायची, हे काम वीस वर्षं त्याच्याकडेच होतं.

रेजिना आली. हिंदू मुलाशी लग्न केल्यापासून ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. तिच्या क्रुसाला हळदीकुंकू लागलेलं होतं.

"सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला होता, काका. रोज फूल वाहायच्या."

"असला नाही चालत, पोरी. राख पवित्र हवी."

क्रूस कट्ट्यावर ठेवून ती निघून गेली.

शेवटी स्वतःचा क्रूस आणायला इनास घरी गेला, तर घरच्या छोट्या वेदीवर क्रूस नव्हताच.

"आता आठवण झाली होय?" बायको म्हणाली. "नाताळच्या रंगकामात तुम्हीच कचऱ्याच्या गाडीत टाकलात."

तो परत आला, कट्ट्यावरचा क्रूस उचलला आणि रेजिनाच्या दारी जाऊन उभा राहिला.

"हा घमेल्यात टाकतो, पोरी. माझं चुकलं. माझ्या घरी तर तेवढाही नाही."

रेजिना काही बोलायच्या आत तिची सासू आत गेली आणि आणखी एक वाळका क्रूस घेऊन आली.

"हा आदल्या वर्षीचा. देवाची वस्तू, माझ्याच्याने टाकवली नाही. तुमच्या घरचा म्हणून न्या."

इनासने ओंजळ पुढे केली. मान मात्र वर होईना.