घनपाठाचं रान

ऑटोत बसताना अण्णांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली. तिच्यातून लाल शालीची कड डोकावत होती. त्यांच्या मुलीच्या, कस्तुरीच्या नजरेतून ती सुटली नाही. चैत्राचं ऊन, आठ वाजताच रामघाटाच्या पायऱ्या तापलेल्या, आणि अण्णा शाल घेऊन निघाले होते.

"अण्णा, शाल कशाला?"

"असू दे."

नाश्ताही केला नव्हता. तिने पोहे पुढे ठेवले तर "आज नाही" म्हणाले. काय आहे आज, हे तिने विचारलं नाही. हल्ली ती फार विचारत नसे. उत्तराची भीती वाटे.

भीतीला कारण होतं. अण्णा, म्हणजे वेणीमाधवशास्त्री, काशीतले जुने घनपाठी. घनपाठ म्हणजे मंत्राचे शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे गुंफून म्हणायचे, म्हणजे हजार वर्षांत एकही शब्द जागचा हलत नाही. मागच्या वर्षी अहिल्याबाई घाटावर वेदपाठी जमले असताना अण्णा म्हणता म्हणता मध्येच थांबले. समोर कुणी तरी फोनवर बोलत होतं. अण्णांनी हात जोडले, उठले आणि घरी आले. त्यानंतर ते कुठेच म्हणायला बसले नाहीत. अठ्ठ्याहत्तरीत विसरायला होणारच, असं रामघाटाने ठरवून टाकलं. गल्लीला निकाल द्यायला पेपर तपासावे लागत नाहीत. हळूहळू कस्तुरीलाही तसंच वाटू लागलं.

ऑटो वरुणा नदीपलीकडे बंद वीटभट्टीपाशी थांबला. भट्टीवाल्यांनी इथली वरची माती खरवडून नेली होती. खाली उरली होती पांढरी, कडक जमीन. तीन वर्षांपूर्वी इथे गवतसुद्धा धरत नव्हतं. विद्यापीठात शिल्पकला शिकवणाऱ्या कस्तुरीने ही जमीन मागून घेतली आणि दगडाऐवजी झाडं हाताशी धरली. मंत्राच्या एकेका शब्दाला एकेक झाड. पळस-खैर, खैर-पळस, पळस-खैर-बेल, बेल-खैर-पळस, पळस-खैर-बेल. एका ओळीत तेरा झाडं. पुढच्या ओळीत एक शब्द पुढे सरकायचा. अशा आठ ओळी.

ही गुंफण तिला कुणी शिकवली नव्हती. अण्णांनी सोळा मुलं तयार केली, पण मुलीला शिकवायचा रिवाज नव्हता. दाराआड बसून मटार सोलता सोलता ती शिकली. शेवटच्या परीक्षेला तर तिला गच्चीवरच पिटाळत. खाली काय चाललंय ते कळत नसे.

आता दिल्लीहून लोक यायचे, फोटो काढायचे, मोठमोठं बोलायचे. कस्तुरीला हवा होता एकच शब्द, तोही अण्णांच्या तोंडून. 'बरोबर.' शेहेचाळीस वर्षांची झाली तरी हवा होता.

अण्णांनी चपला काढल्या. प्रत्येक खोडाला हात लावत ते चालू लागले. आधी ओठ हलले, मग आवाज आला. दुसऱ्या ओळीपर्यंत तो चांगला मोकळा झाला. पायाखाली पालापाचोळा होता, माती काळपट होऊ लागली होती, मुंग्यांनी वारुळं केली होती. कस्तुरीला रडू आलं. घाम पुसतोय असं दाखवून तिने ओढणी तोंडावरून फिरवली.

सहा ओळी झाल्या. सातवीत एका शिरीषापाशी अण्णा थांबले.

"हे चुकलं," ते म्हणाले. "इथे करंज हवा."

कस्तुरीने मनातल्या मनात ओळ पुढे म्हटली, मागे म्हटली. बोटांवर मोजली. शिरीषच हवा होता. पहिल्या वर्षाचं पोरही इथे अडखळलं नसतं.

म्हणजे गल्ली म्हणत होती ते खरं होतं.

"काय? तुझं काय म्हणणं आहे?" अण्णांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. उपाशी, घामेजलेला, वर्षाने पुन्हा तोंड उघडलेला म्हातारा. त्याला आता खोटं पाडायचं कसं? आणि कशासाठी?

"तुमचंच बरोबर, अण्णा. माझी चूक झाली. बदलून टाकते."

"नक्की? नीट बघ."

"बघितलं. करंजच हवा."

अण्णांनी त्या झाडावरचा हात काढला. मग चपला घालून ऑटोकडे वळले. आठवी ओळ राहिली ती राहिलीच. थकले असतील, असं कस्तुरीने धरलं.  घरी आल्यावर सकाळचे पोहे मागून घेतले आणि तसेच गार खाल्ले.

दुपार कलल्यावर कस्तुरी एकटीच परत गेली. रानाला पाणी घालणारी फुलमती कुदळ पाहून पुढे आली.

"दीदी, ई त एकदम ठीक लगल हौ. काहे उखाड़त हऊ?"

"अण्णाजी ने कहा है."

या जमिनीत सगळ्यात आधी जगलेल्या झाडांतला तो शिरीष होता. आता कस्तुरीच्या डोक्याच्याही वर गेला होता. मूळ खोल होतं, ते तुटलं. चैत्रात उपटलेलं झाड पुन्हा धरत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याच खड्ड्यात कस्तुरीने करंजाचं रोप लावलं आणि फुलमतीने पाणी घातलं. वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. बापाचं मन राखायचं तर एक झाड काही फार नव्हे.

ती घरी आली तेव्हा अण्णा संध्या आटपून आसनाची घडी घालत होते.

"बदललं, अण्णा. करंज लावला."

"शिरीष?"

"काढला."

अण्णांनी घडी खाली ठेवली.

"शेवटच्या परीक्षेत मी प्रत्येक मुलाला एक शब्द मुद्दाम चुकीचा सांगायचो," ते म्हणाले. "मी सांगूनही जो आपला शब्द सोडत नसे, त्यालाच लाल शाल पांघरून घनपाठी म्हणायचो. तुझा शिरीष बरोबर होता, कस्तुरी."