तारीख नसलेलं पान

मृत्यूची तारीख सोडून बाकी सगळा मजकूर विश्वजीत टाइप करून घेऊन आला होता.

"तारीख दोन दिवसांनी कळवतो, मॅडम," तो म्हणाला. "घरात तिथीवरून जरा मतभेद हायेत. तुम्ही पान तेवढं तयार ठेवा."

आसमीननं फोटो पाहिला आणि तिला गलबलून आलं. न्हावरा रस्त्याला वजनकाटा चालवणारे साहेबराव. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ तिनं वेबसाइट बनवायचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. कुणी फोनवर वजनकाटा शोधला तर आपलं नाव सगळ्यात वर दिसलं पाहिजे, एवढी एकच त्यांची अट होती. तिनं ती पुरी केली होती. गेल्या वर्षी काटा बंद करून ते कुठंसे निघून गेले, त्यानंतर त्यांची काही खबर नव्हती.

विश्वजीतनं आपण त्यांचा सख्खा पुतण्या असल्याचं सांगितलं. काकांचं नाव कुणीही शोधलं तर जुन्या साइटच्याही वर हे श्रद्धांजलीचं पान यावं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि ते बुधवारच्या आत व्हावं. बोलायला मऊ माणूस. जाताना दुकानाचं दारसुद्धा आवाज न करता लावून गेला.

आसमीननं मन लावून काम केलं. साहेबरावांचं नाव, गाव, काट्याचं नाव, लोक जे जे शब्द टाकून शोधतात ते सगळे तिनं मजकुरात बसवले. जुन्या साइटवरून नव्या पानाकडं वाट करून दिली. सोमवारी दुपारी पान तिसरं दिसत होतं. मंगळवारी सकाळी पहिलं.

दहाच्या सुमाराला तिला एक मेल आला. साहेबरावांच्या जुन्या पत्त्यावरून.

'आसमीन, मी जिता हाय. मला पुतण्या न्हाई. भाऊच न्हाई तर पुतण्या कुठला? हे पान कुणी करायला लावलं?'

तिनं तो तीनदा वाचला. तिथीवरून घरात कसलेच मतभेद नव्हते. तारीख अजून यायची होती.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. गेल्या वर्षी निमोण्याजवळ वाळूच्या डंपरनं रस्त्याकडेच्या दोन बायका चिरडल्या होत्या. त्या दिवशी आपला डंपर त्या रस्त्याला गेलाच नव्हता, असं मालक सांगत होता. पण साहेबरावांच्या काट्यावर त्याच डंपरचं वजन झालं होतं आणि पावतीवर वेळ होती. त्यांनी तसा जबाब दिला आणि आठ दिवसांत काट्याला कुलूप लागलं. त्या खटल्यात त्यांची साक्ष येत्या गुरुवारी होती, हे सगळ्या शिरूरला ठाऊक होतं. विश्वजीतला पान बुधवारच्या आत हवं होतं.

आसमीननं आधी पान काढून टाकलं. मेलला उत्तर पाठवलं, पण पलीकडून काही आलं नाही. जुना नंबर बंद होता. नवरा इम्रान रांजणगावच्या कंपनीत. आत गेला की फोन बाहेर ठेवावा लागतो. पोलिसांकडं जावं असं मनात आलं, पण तिथवर गेलेली बातमी कुणाच्या कानावर पडेल, याची तिला भीती वाटली. आधी साहेबरावांना सावध करायला हवं होतं.

साइटचं नाव नोंदवताना मालकाचा पत्ता द्यावा लागतो. साहेबरावांनी तेव्हा काट्याचा न देता बहिणीचा दिला होता. सोजरबाई, मुक्काम राहू, गुऱ्हाळामागं.

तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि स्कूटी काढली. न्हावऱ्यापर्यंत ती दर दोन मिनिटांनी आरशात बघत होती. चारचाकी दिसली की ती स्कूटी कडेला घ्यायची, पण प्रत्येक गाडी पुढं निघून जायची. पारगावचा पूल ओलांडला तेव्हा मागं फक्त दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल होती. तिला जरा बरं वाटलं. निदान रस्त्याला माणूस होतं.

सोजरबाई दारातच उभ्या राहिल्या. असं कुणी आमच्याकडं राहत न्हाई, म्हणाल्या. आसमीननं आपलं नाव सांगितलं. तेव्हा आतून साहेबराव बाहेर आले. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा ढगळ झालेला.

तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"हितला पत्ता मी कुणाला दिला न्हाई. तुला कसा घावला?"

"साइटच्या नोंदणीत होता, आबा. बाहेरच्याला तो दिसत न्हाई. मी झाकून ठेवलाय. माझ्याबिगर कुणालाच बघता येत न्हाई."

साहेबराव भिंतीला टेकून खाली बसले. मग परवा कोर्टात कसं जायचं, आजच्या आज कुठं हलायचं, हे ते बहिणीशी हळू आवाजात बोलू लागले. सोजरबाईंनी आसमीनपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. सकाळपासून तिच्या घशाखाली पाणीही उतरलं नव्हतं. ती घटाघटा प्यायली.

पर्समधला फोन थरथरला. विश्वजीत. पान का दिसत नाही, असं तो विचारणार हे तिला माहीत होतं. काय थाप मारायची तेही तिनं वाटेतच ठरवलं होतं. तिनं मेसेज उघडला.

'पान काढलंत ते बरं केलंत, मॅडम. आता त्याची गरज न्हाई. आमच्या दूधवाल्याला घर दिसलं.'